तडजोडीची बियर

आमच्या शेजारचे दिगंबरकाका बियरची बाटली उघडण्याआधी तिला उठवतात. म्हणजे बाटली टेबलावर आडवी ठेवतात आणि तळहाताखाली हलकेच मागंपुढं फिरवतात, पोळी लाटल्यासारखी. "तळाशी गाळ झोपलेला असतो," ते सांगतात. "गव्हाच्या बियरची सारी अक्कल त्या गाळात. न उठवता ओतली तर नुसता नोकरच भेटला, मालक आतच राहिला."

काकांचे वडील भिक्षुकी करायचे. काका जमिनींच्या दफ्तरात कारकून होते. बांधावरची भांडणं ऐकण्यात सारी नोकरी गेली, त्यामुळे ताटातही त्यांना खटलाच दिसतो. दर शनिवारी ते घरी थाई रस्सा रांधायचे, तो म्हणजे त्यांच्या मते चार भावांची सामाईक जमीन. तिखट, आंबट, खारट, गोड. मागं कोणीच हटत नाही. "अशात कडू बियर नेली की ती मिरचीला चिथावते. गव्हाची गुणाची. केळ्याचा वास, लवंगेचा वास, जिभेला मऊ. ती सगळ्यांना बसवून घेते आणि तडजोडीनं मिटवते." हे त्यांचं पालुपद. टँकरपाशी दोन बायकांच्या हंड्यांची टक्कर झाली तरी काका गॅलरीतून ओरडतात, "तडजोडीनं मिटवा."

टँकर आमच्याकडे रोजचाच. पडेगावात वसाहती शहराच्या पुढं पळाल्या आणि पाणी मागंच राहिलं. बियरच्या कारखान्यांना मात्र ते नळानं मिळत होतं. त्या दुष्काळी उन्हाळ्यात मी एक पत्रक काढलं होतं, 'माणसं टँकरवर, बियर नळावर'. घरोघरी वाटत काकांच्या दारात गेले. त्यांनी चष्मा लावून उभ्याउभ्या पूर्ण वाचलं.

"मजकूर सणसणीत आहे, पुढारीणबाई. फक्त सरसकट 'बियर' लिहिलंस. गव्हाची वेगळी काढ."

"काका, गव्हाच्या बियरलाही पाणीच लागतं."

दुसऱ्या दिवसापासून ते मोठ्या घमेल्यात उभं राहून, बिनसाबणाची, तांब्या-दोन तांब्यांत अंघोळ करू लागले. घमेल्यात साचलेलं पाणी गॅलरीत रश्श्यासाठी लावलेल्या गवती चहाला, लवंगी मिरचीला आणि ईडलिंबाच्या रोपाला. घोषणा माझी होती, घमेल्यात उभे काका होते. मी थक्क होऊन बघत राहिले. नळाला नीट पाणी येईपर्यंत बियरला शिवायचं नाही ही माझी शपथ त्यानंतर मला फार किरकोळ वाटू लागली.

हा सगळा खटाटोप कशासाठी, हे साऱ्या वसाहतीला माहीत होतं. काकांच्या मुलानं, प्रसादनं, बँकॉकच्या मालीशी लग्न केलं. काका लग्नाला गेले नाहीत. लोकांना गुडघे सांगितले. खरं तर रुसले होते. काकू तेव्हा नुकत्याच गेल्या होत्या आणि समजूत घालायला घरात कोणी नव्हतं. आता माली पहिल्यांदाच सासरी येणार होती. प्रसादनं फोनवर सहज सांगितलं की तिला सुट्टीच्या दिवशी आईच्या हातचं झणझणीत जेवण आणि सोबत गव्हाची थंड बियर आवडते. झालं. त्या शनिवारपासून काकांची तालीम सुरू. गुलमंडीवरच्या काष्ठौषधीच्या दुकानातून आल्याच्या जातीचं कोळंजन, क्रांती चौकातून बाटली. आणि दोन्ही वडिलांच्या पूजेच्या पिशवीतून.

"पहिल्याच जेवणाला परकं वाटलं तर पुन्हा नाय यायची ती," ते खलबत्त्यात हिरवं वाटण कुटत म्हणायचे. "चूक माझी आहे. मग तडजोड पण मलाच करावी लागंल."

माली आली. काकांनी दुपारच्या जेवणाला मलाही बोलावलं. पाट, ताटाभोवती रांगोळी, हिरवा रस्सा, त्यात मासा वगळून कोवळी वांगी. काकांनी बाटली फिरवली, उठवली, ग्लास तिरका धरून ओतली. मालीनं घास घेतला. डोळे भरले, कान लाल झाले. मग एक घोट. तिचा चेहरा निवळत गेला. इतके दिवस मी ज्याला म्हातारपणचा चाळा समजत होते, ती तडजोड माझ्यासमोर घडत होती.

मग घोळ सुरू झाला. सासरी पानात काही टाकायचं नाही, हे प्रसादनं तिला बजावून ठेवलेलं. ती ताट पुसून रिकामं करायची. रिकामं ताट दिसलं की काका वाढायचे. ती पुन्हा संपवायची. काका खुशीत, "आवडलंय लई," म्हणत डाव घेऊन हजर. आणि प्रत्येक घासाला, प्रत्येक घोटाला काका तिच्या बरोबरीनं. घामानं त्यांचं गंध नाकापर्यंत उतरलं होतं.

शेवटी मी म्हणाले, "काका, थांबा. ती तुमचा मान राखतेय. पोट फुटेल तिचं."

डाव हवेतच राहिला. माली आधी हसली, मग प्रसाद. काका मात्र ओशाळून आत निघून गेले.

मी मागोमाग गेले. ते ओट्याखाली जमिनीवर बसून वाडग्यातला दहीभात खात होते.

"हे काय?"

"मला झेपत नाय गं. तिखट पण नाय, बियर पण नाय. दर शनिवारी नंतर हेच खातो."

"मग तिच्याबरोबर जेवायचा हट्ट कशाला? नुसतं वाढायचं."

"घरी आलेल्या माणसाला एकटं जेवू द्यायचं व्हय?" त्यांनी भात कालवला. "तुझी काकू गेल्यापासून मी जेवतोय ना एकटा. घास खाली उतरत नाय."

दारात माली उभी होती, हातात अर्धा ग्लास. तिला मराठीतलं किती कळलं कोण जाणे. ती आली, साडी सावरत काकांच्या शेजारी जमिनीवर बसली आणि पोट तुडुंब भरलेलं असताना वाडग्यातला एक घास उचलला. वर बियरचा घोट घेतला. तिचं तोंड वाकडं झालं.

"नाय," काका म्हणाले. "याची तडजोड नाय व्हायची."

आणि त्यांनी वाडगा दोघांच्या मध्ये सरकवला.