शोभाच्या जागी हसणारी बाई

बायकोच्या डब्यांच्या वेबसाइटवर बायकोचाच फोटो लावायचा नाही, हा निर्णय माझा. (आमच्या घरात मला निर्णय का घेऊ देत नाहीत, ते आता कळेलच.)

शोभा वापीजवळच्या आमच्या डोकमर्डीच्या फ्लॅटमधून डबे देते. माहेर अमळनेरचं. तिचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खाताना राखोलीच्या कारखान्यांतली आमची खानदेशी मंडळी डोळे पुसतात. (काही आठवणीनं, काही तिखटानं.) वेबसाइट मी करतो म्हटलं खरं, पण शोभाचे फोटो होते दोनच: एक आधार कार्डावरचा आणि एक पाठवणीचा, भोकाड पसरलेला. भरताचा फोटो काढला, तर तो रस्त्यावर ओतलेल्या डांबरासारखा आला. मग मी इंटरनेटवरचे फुकट फोटो घेतले. पांढरी टोपी घातलेली एक हसरी बाई, चकचकीत किचन आणि भरतासारखं दिसणारं काहीतरी. बाईखाली लिहिलं, ‘आमच्या शोभाताई’.

रविवारी सकाळी आमच्या लेकीच्या शाळेतले अरविंद सर आले. निरोप समारंभासाठी चाळीस डबे हवे होते. शोभानं दार उघडलं.

“शोभाताईंना बोलावता?”

“मीच शोभा.”

सरांनी मोबाइल पाहिला, मग तिला, मग परत मोबाइल. “मग या कोण?”

शोभानं मोबाइल हातात घेतला. “अहो,” ती म्हणाली, “ही कोण?”

“अगं, मॉडेल आहे. नुसती दाखवायला.”

“याच बाई वापीला माझ्या दाताच्या डॉक्टरांच्या वेबसाइटवर आहेत,” सर म्हणाले. “तिथे रूट कॅनाल करून हसतायत. आणि या भरतात ऑलिव्ह कशाला?”

मी म्हणालो, “सजावट.”

सर दारातूनच वळले. चाळीस डबे जिन्याच्या दिशेनं निघाले. तेवढ्यात शोभानं त्यांच्यासमोर गरम भाकरी आणि भरताचं ताट धरलं. “सर, फोटो खोटा आहे. चव बघून जा.”

दुसऱ्या घासाला सरांना घाम फुटला. तिसऱ्याला ते म्हणाले, “पन्नास करा. पण फोटो बदला.”

सर गेल्यावर शोभा परत भाकऱ्यांकडे वळली. भाकरी थापता थापता हळूच म्हणाली, “माझं तोंड दाखवण्यासारखं नाही का हो?”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी लगेच मोबाइल काढला. मागे सरकता सरकता मी थेट पिठाच्या परातीत बसलो. शोभा खळखळून हसली आणि फोटो निघाला. इतकी सुंदर ती मला लग्नातही दिसली नव्हती.

“आता तुम्हीपण या फोटोत,” ती म्हणाली. मी शर्ट इस्त्री केला, भांग पाडला, डबा हातात घेऊन तिच्याशेजारी उभा राहिलो. आमच्या लेकीनं, पूजानं, तो दुसरा फोटो काढला आणि मोबाइलच्या स्क्रीनवर बसेल असा कापून वेबसाइटवर टाकला.

संध्याकाळी धुळ्याहून चुलतभाऊ वाल्मिकचा फोन आला. “दादा, वहिनीचा फोटो एक नंबर! फक्त डब्यावर कोणाचा तरी अंगठा आलाय, तेवढा काढून टाक.”