राईचा घास

टिट्.

स्वयंपाकघरातला वजनकाटा एवढंच बोलला, आणि इतका वेळ श्वास रोखून उभ्या असलेल्या मायलेकी एकदम वाकल्या. काट्यावर वाटी, वाटीत हातरुमाल आणि हातरुमालात राई. राई म्हणजे गिनीपिगचं पिल्लू.

"वाढलं?" लेकीने विचारलं.

"नाही गं. कालच्यापेक्षा कमीच."

"तू वाटी वाकडी ठेवलीस म्हणून."

आईने वाटी सरळ ठेवली. आकडा काही सरळ झाला नाही.

राई शेजारच्या काकूंकडची. दांडगट भावंडांनी तिला आईच्या दुधाजवळ फिरकूच दिलं नव्हतं. "तुमच्याकडे कशी शांतता असते, तिथे सुधारेल ती," असं म्हणत काकू तिला बुटांच्या खोक्यात घालून घेऊन आल्या होत्या. शांतता होती हे खरंच. या घरात आवाज करणारा माणूस एका मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत होता, आणि जहाज भर समुद्रात असलं की त्याचा फोन लागत नसे.

प्राण्यांचे डॉक्टर स्पष्ट बोलले होते. "दर दोन तासांनी बिनसुईच्या सिरिंजने भरवा. खाल्लं तर जगेल. पण जबरदस्ती नको, ठसका लागेल."

जबरदस्ती नको, हे राईला फारच पटलं. गवताच्या भुकटीचं ते पातळ मिश्रण (लेक त्याला हिरवा चिखल म्हणायची) पाहताच तिने तोंडाला कुलूप घातलं. आईने लाडीगोडी लावली, गाणं म्हटलं, शेवटी हातही जोडले. कुलूप काही निघेना.

"बाबाचा मेसेज लाव," लेक म्हणाली. "मी पण त्यानेच खाते."

हा मेसेज बाबाने मागच्या बंदरातून पाठवलेला. लेक जेवताना छळते असं कळल्यावर त्याने खास बोलून धाडला होता. आधी घसा खाकरणं, मग खर्जातला आवाज: "आ कर बघू. अजून मोठा. हां, शाब्बास! घाबरायचं काय त्यात? मी आहे ना."

आईने फोन खोक्याजवळ धरला. राईचे कान ताठ झाले. मिश्या हलल्या. आणि तिने चक्क सिरिंज तोंडात घेतली.

आता प्रश्न कामाचा. आई दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायची, आणि दोन तासांनी घरी पळणं शक्य नव्हतं. म्हणून लेकीला शाळेत सोडल्यावर खोकं आईसोबत दवाखान्यात गेलं आणि काउंटरखाली, तिच्या पायांशी विसावलं. पहिल्या घासाची वेळ झाली. तिने इकडेतिकडे पाहिलं, खाली वाकली आणि हळूच मेसेज लावला.

पेशंटांची भीती कमी व्हावी म्हणून तिथे दिवसभर मंद बासरी वाजत असे. ती बासरी वाजायची तिच्याच फोनवरून. स्पीकरला फोन तिनेच जोडला होता. आणि आतल्या मशीनची घरघर झाकायला आवाजही तिनेच मोठा ठेवला होता. हे सगळं तिला आठवलं, पण जरा उशिरा.

"आ कर बघू," चारही भिंतींतून आवाज आला.

गाल सुजलेल्या बाईंनी आ केला.

"अजून मोठा."

शेजारी इंजेक्शन घेऊन जबडा बधिर व्हायची वाट पाहत बसलेल्या गृहस्थांनीही केला.

"हां, शाब्बास! घाबरायचं काय त्यात?"

"कोण घाबरलंय?" आ तसाच ठेवून बाई फणकारल्या.

आतून डॉक्टरीणबाई हातमोज्यांसकट बाहेर आल्या. "कोण आहे हा? माझ्या पेशंटला परस्पर सूचना कोण देतंय?"

आईची गाळण उडाली. आवाज थांबवायला तिने फोनवर जिथे सापडेल तिथे बोट दाबलं. फोनने काहीतरी विचारलं. न वाचताच ती हो म्हणाली. आवाज थांबला.

"अहो, बंद का केलंत?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आतल्या पोराने आज पहिल्यांदा नीट तोंड उघडलं! आठवडाभर न दिसलेली दाढ दिसली मला. रोज लावत जा हे. आहे कोण पण?"

"माझा नवरा, मॅडम."

"बोलवा की त्याला."

"समुद्रात आहे."

"मग बाहेर कधी येणार?"

ती फोनकडे बघत होती. मेसेज जिथे असायचा, तिथे आता काहीच नव्हतं. पुढचं बंदर येईपर्यंत पुन्हा मागायचीही सोय नव्हती.

पायाशी खोकं होतं, खोक्यात उपाशी राई होती. आईच्या डोळ्यांत पाणी आलं तसा सगळा प्रकार बाहेर आला. मग काय, सगळी वेटिंग रूम काउंटरखाली.

"माझाही आवाज जाड आहे," गृहस्थ म्हणाले. एव्हाना त्यांचा जबडा पुरता बधिर झाला होता. "आ अऽ अऊ," त्यांनी खर्जात सुरुवात केली. राईने त्यांच्याकडे पाठ फिरवली.

"सरका. दिवसभर लोकांची तोंडंच उघडते मी," म्हणत डॉक्टरीणबाई गुडघ्यांवर बसल्या आणि साखर घोळवून म्हणाल्या, "अजिबात दुखणार नाही हं."

हे वाक्य ऐकल्यावर सगळे करतात तेच राईने केलं. दात गच्च आवळले.

"घरी जा तुम्ही," डॉक्टरीणबाई उठत म्हणाल्या. "पण उद्या हे पिल्लू मला इथे दिसलं पाहिजे. काय?"

शाळेतून आल्यावर लेकीला सांगणं भागच होतं.

"पुसलंस?" तिचे डोळे मोठे झाले. "बाबाला पुसलंस?"

"चुकून गं, सोनू."

लेकीने खोक्यात पाहिलं. राई कोपऱ्यात गोळा होऊन पडली होती, पोट भराभर वरखाली होत होतं. "मग आता तूच म्हण. बाबासारखं."

"मला नाही येत."

"मग ती मरेल."

आईने आवाज जाड केला. "आ कर बघू."

"हे वॉचमनकाका झाले."

"आ कर बघू..."

"आता बाबाला सर्दी झाली."

तिने डोळे मिटले. तो आधी घसा खाकरतो, दार वाजवून आत यावं तसा. मग 'आ' जरा लांबतो. आणि 'शाब्बास'चा शेवट नीट ऐकूच येत नाही, कारण तोवर तो हसायला लागलेला असतो. हे सगळं आपल्याला इतकं पाठ आहे, हे तिला आत्ता कळत होतं. किती महिने झाले, हे ती मोजत नसे. मोजलं की लांब वाटतं.

तिने घसा खाकरला.

"आ कर बघू. अजून मोठा."

लेकीने चमकून आईकडे पाहिलं. राईची मिशी हलली. ती डुलत डुलत पुढे आली, सिरिंज हुंगली आणि तोंडात घेतली. ओठांच्या कडेला हिरवा बुडबुडा आला, फुटला, आणि घास आत गेला. मग दुसरा, मग तिसरा. सिरिंज रिकामी झाली तशी राईने मान वर करून अशी काही शिट्टी घातली, की शेजारच्या काकूंनी भिंतीपलीकडून विचारलं, "अहो, कुकर लावलाय का?"

लेक टाळ्या पिटत खोलीभर नाचली. आई मात्र तिथेच बसून होती. घास संपले होते तरी त्या आवाजात हळू हळू म्हणत होती, "घाबरायचं काय त्यात? मी आहे ना. मी आहे ना."

लेक नाचायची थांबली. जवळ आली, आईच्या गळ्यावर हात ठेवून बघितला आणि जरा विचार करून म्हणाली,

"आई, बाबाचा आवाज तर इथे तुझ्याकडे आहे. मग तिकडे तो कुणाच्या आवाजात बोलतो?"