नकाशेकाकांचे दोन शार्प

पहिली ओळ संपायच्या आत दंतवैद्यांनी ट्रंपेट खाली घेतला. मग दुसरा ट्रंपेट थांबला, हॉर्न थांबला, ट्रॉम्बोन थांबला, आणि आपण एकटेच वाजवतोय हे लक्षात आल्यावर सर्वांत शेवटी बेकरीवाल्यांचा ट्युबा थांबला. दर शनिवारी रुग्ण गेले की दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत ही पाच जणांची पितळी मंडळी सरावाला बसे. पाच मोटारी एकाच अरुंद वळणावर समोरासमोर आल्या की जो आवाज होतो, तोच आत्ता पाचांनी मिळून काढला होता.

"काका," दंतवैद्य शक्य तितक्या गोडीने म्हणाले. दाढ काढण्यापूर्वी ते याच आवाजात बोलत. "हे तुम्ही ट्रंपेटसाठीच लिहिलंय ना?"

नकाशेकाका कोपऱ्यातल्या खुर्चीवरून उठले, कागद हातात घेतला आणि जागच्या जागी थिजले. ट्रंपेट हे मोठं लबाड वाद्य आहे. कागदावर जो सूर लिहाल त्याच्या एक पायरी खालचा सूर ते बाहेर काढतं. हॉर्न त्याच्याहून वस्ताद, तो चार पायऱ्या खाली उतरतो. म्हणून लिहिणाऱ्याने ट्रंपेटला एक आणि हॉर्नला चार पायऱ्या वर चढवून लिहायचं, म्हणजे वाजताना सगळे एकाच मजल्यावर भेटतात. त्यासाठी ट्रंपेटच्या ओळीच्या सुरुवातीला दोन शार्प, म्हणजे सूर किंचित चढवणाऱ्या खुणा, काढावे लागतात, हॉर्नला एक, आणि ट्रॉम्बोन-ट्युबा सरळमार्गी असल्यामुळे त्यांना एकही नाही. काकांना हे झोपेतही ठाऊक होतं. पण समोरच्या कागदावर शार्प नव्हते आणि सगळे सूर निमूटपणे एक पायरी खाली येऊन बसले होते. अक्षर मात्र त्यांचंच होतं.

"चुकलं असेल," काका पुटपुटले. "दुरुस्त करून आणतो."

नकाशेकाका म्हणजे जमीनमोजणीच्या कचेरीत चौतीस वर्षं नकाशे काढून निवृत्त झालेला माणूस. त्यांनी काढलेल्या रेघेवरून दोन भावांची भांडणं मिटत. सव्वीस वर्षं या मंडळीत पहिला ट्रंपेटही त्यांचाच होता. मग पुढचे दात गेले आणि कवळी आली, आणि कवळीने काही ट्रंपेट वाजत नाही. दात दंतवैद्यांनीच काढले आणि रिकामी झालेली खुर्चीही त्यांनीच घेतली, पण काकांनी ते कधी मनावर घेतलं नाही. कारण लिखाण त्यांच्याकडे राहिलं होतं. जुन्या अभिजात धुना आणि लोकांच्या तोंडी असलेली गाणी पाच पितळी वाद्यांना वाटून द्यायची, एवढ्या एका धाग्याने ते मंडळीला बांधलेले होते. आता महिन्याभराने गावच्या वाचनालयाच्या सभागृहात कार्यक्रम होता, आणि एका दरबारी नाचाच्या धुनेत घरोघरी गुणगुणलं जाणारं एक गाणं गुंफून काकांनी नवी रचना लिहिली होती. दंतवैद्यांनी मात्र हल्ली विकत मिळणाऱ्या तयार रचनांच्या छापील संचांची एक यादी खिशात ठेवायला सुरुवात केली होती. छापील संच आले की काकांच्या खुर्चीला काही काम उरणार नव्हतं, आणि हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

घरी येऊन त्यांनी सगळं पुन्हा लिहिलं, नेहमीप्रमाणे पेन्सिलीने. रचना पक्की ठरेपर्यंत शाईला हात लावायचा नाही, ही कचेरीतली सवय. गुरुवारी तीनदा तपासून कागद फाइलीत घातले. शनिवारी फाइल उघडली तर शार्प पुन्हा गायब.

तिसऱ्या शनिवारी तेच झालं. त्या दिवशी खोलीतलं कोणीच हसलं नाही, आणि काकांना तेच जास्त लागलं. शेवटी बेकरीवाले म्हणाले, "काका, मरू दे ते कागद. तुम्ही प्रत्येकाचं गाऊन दाखवा, आम्ही उचलतो." मग काका एकेकासमोर उभे राहून कवळी सांभाळत त्याचा त्याचा भाग गाऊन दाखवू लागले. ट्युबाचा भाग गाताना त्यांना खोकल्याची उबळ आली, पण बेकरीवाल्यांनी तीही वाजवून दाखवली.

घरी वातावरण निराळंच होतं. काकांच्या पत्नीने शाळेत पस्तीस वर्षं मुलांना पियानो शिकवला होता आणि सगळी आळी त्यांना बाई म्हणे. या बाई अलीकडे काकांशी फार प्रेमाने वागू लागल्या होत्या. चहात साखर जास्त पडली तरी ओरडा नाही, उलट रोज सकाळी वाटीत पाच भिजवलेले अक्रोड. "डोक्याला चांगले असतात," एवढंच त्या म्हणत. अक्रोडाचा कण कवळीखाली गेला की दिवसभर काकांच्या डोक्यात दुसरं काही येत नसे. लेक फोनवर काकांना सहज म्हणून आजची तारीख विचारी. पुढच्या आठवड्यात तिने त्यांना डॉक्टरांकडेच नेलं.

डॉक्टरांनी घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. काकांनी पट्टी मागितली, मग कंपास मागितला, आणि चाळीस मिनिटांनी मिनिटाच्या साठही रेघा, चावी आणि काचेवरची चमक यांसह घड्याळ पुढे सरकवलं. डॉक्टरांनी ते बराच वेळ निरखलं आणि मग स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ दोन मिनिटं मागे केलं. डोकं उत्तम आहे, असं त्यांनी लिहून दिलं. काकांना आनंद होण्याऐवजी धास्ती वाटली. डोकं ठिकाणावर आहे तर शार्प जातात कुठे?

उत्तर दुसऱ्याच दिवशी दुपारी मिळालं. जेवणानंतर आडवे झालेल्या काकांना बाहेरच्या खोलीतून घासल्याचा बारीक आवाज आला. दारातून पाहिलं तर बाई जेवणाच्या टेबलाशी बसून ट्रंपेटच्या कागदावर खोडरबर चालवत होत्या. एकेक सूर पुसायचा, एक पायरी खाली काढायचा, आणि तोही हुबेहूब काकांच्या वळणाचा. पियानोसाठी जे लिहाल तेच वाजतं. यंदा पहिल्यांदाच त्यांनी काकांचे कागद उघडले होते, आणि एकच गाणं पाच जणांसाठी तीन निरनिराळ्या पट्ट्यांत लिहिलेलं पाहून, नवऱ्याचं डोकं चालेनासं झालंय, असंच त्या माउलीला वाटलं होतं. स्वेटरच्या बाहीवर रबराचा चुरा होता. मधूनच त्या चष्मा वर करून डोळे पुसत होत्या.

काका आत जाऊन परत आडवे झाले. महिनाभर ही बाई आपली लाज झाकतेय, हे त्यांना उमगलं. आता काय सांगणार, की तूच सगळं बिघडवलंस? त्यांनी गुपचूप दवाखान्यात बसून शाईची खरी प्रत तयार केली आणि पेन्सिलीची प्रत बाईंना दुरुस्तीसाठी टेबलावरच राहू दिली. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही, असा त्यांचा हिशेब होता.

कार्यक्रमाच्या दिवशी मंचावर त्यांनी फाइल उघडली आणि साप जिवंत निघाला. आत पेन्सिलीची प्रत होती. सभागृह भरलेलं होतं. पहिल्या रांगेत बाई हात जोडून बसल्या होत्या, आणि त्यांच्या मांडीवरच्या पिशवीतून शाईच्या प्रतीचा कोपरा डोकावत होता. इस्त्रीसाठी कोट उचलताना त्याखाली लपवलेली फाइल बाईंच्या हाती लागली होती आणि ऐन वेळी प्रती बदलून त्यांनी नवऱ्याला वाचवलं होतं.

"कागद पुन्हा तेच आहेत," काका दंतवैद्यांच्या कानात म्हणाले.

दंतवैद्यांनी कागद पाहिला, मग काकांचा चेहरा. बेकरीवाले पलीकडून हळूच म्हणाले, "कागद हवेत कुणाला? नुसते मांडा समोर, बरं दिसतं. आम्हाला खोकल्यासकट पाठ आहे."

काका पत्नीशेजारी येऊन बसले. ट्रंपेट उचलले गेले, दरबारी धून ऐटीत चालू लागली, आणि तिच्यातून ते गाणं असं अलगद वर आलं की मागच्या रांगेतली माणसं गुणगुणायला लागली. टाळ्या थांबेनात म्हणून शेवटचा भाग पुन्हा वाजवावा लागला. दंतवैद्यांनी खाली येऊन पुढची रचना कधी देता असं विचारलं, आणि खिशातली छापील संचांची यादी बेकरीवाल्यांना दिली, बिस्किटं गुंडाळायला.

घरी जाताना कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापाशी बाई थांबल्या.

"अहो, एक विचारू? त्या ट्युबावाल्याचा कागद उलटा होता."

"असेल."

"पहिल्यापासून शेवटपर्यंत उलटा होता. आणि तरी चुकला नाही. म्हणजे ते कागद बघतच नव्हते."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. दुकानाच्या पायरीवर बसून काकांनी ट्रंपेटची एक पायरी आणि हॉर्नच्या चार पायऱ्या समजावून सांगितल्या. बाईंनी शाळेतल्या हुशार मुलीसारखं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे लिहायचं एक आणि वाजणार दुसरंच?"

"हो."

"दरवेळी?"

"दरवेळी."

"आणि हे लोकांना चालतं?"

"शेकडो वर्षं चालतंय गं."

बाईंनी दोन्ही हात काकांच्या हातावर ठेवले. गेल्या पाच आठवड्यांची काळजी त्यांच्या चेहऱ्यावरून उतरताना काकांना दिसली, आणि त्यांना स्वतःलाही एकदम हलकं वाटलं.

"मग चूक वाद्यांची आहे," बाई ठामपणे म्हणाल्या. "तुमची नाही."

काका हसले. दोघं उठून चालू लागले. चार पावलं गेल्यावर बाई पुन्हा थांबल्या.

"इतकी वर्षं ट्रंपेट घरात वाजत होता आणि मला हे कळलं नाही," त्या म्हणाल्या. "उद्यापासून ते अक्रोड मला ठेवा."