भोपळा, पायजमा आणि फूटभर जागा

त्या रविवारी मी चहा पुढच्या पायरीवर प्यायलो असतो, तर आज मला पाहून ऑफिसातल्या लोकांनी फायलीत तोंडं खुपसली नसती. पण पुढे ऊन होतं, म्हणून कप घेऊन मागच्या अंगणात गेलो. तिथे शेजारचे शिंपीकाका गळ्यात टेप टाकून जमीन मोजताना दिसले.

काकांनी दुकान बंद केलं त्याला चार वर्षं झाली, तरी टेप काही गळ्यातून उतरलेली नाही. (माझ्याशी बोलताना त्यांची नजर माझ्या पोटाच्या घेरावर असते.) आमच्या कुंपणापलीकडे ते खुंट्या ठोकत होते, पण हद्दीवर नाही, स्वतःच्या जागेत चांगल्या फूटभर आत. माझ्या मनात पाल चुकचुकली. दुसऱ्याची फूटभर जागा ढापणारे मी पुष्कळ पाहिलेत. स्वतःची फूटभर जागा सोडणारा माणूस मात्र पहिल्यांदाच पाहत होतो, आणि असा माणूस काहीतरी भलतंच शिजवत असणार याबद्दल मला शंका उरली नाही.

आत येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "असेल काही. तुम्ही चहा संपवा." हे बोलताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तेही मी मनात नोंदवून ठेवलं.

इथे आमच्या कुंपणाबद्दल सांगायला हवं. ते नऊ वर्षांपूर्वी मी स्वतःच्या हातांनी उभं केलं. सध्या थोडं झुकलंय, पण नऊ वर्षांत मीही थोडा झुकलोय. त्या कुंपणावर बायकोचा भोपळा आहे. दोन आठवड्यांनी पंचक्रोशीचं भाजीपाला प्रदर्शन होतं आणि गेल्या वर्षी तिचं पहिलं बक्षीस बोटभर घेरासाठी हुकलं होतं. म्हणून यंदा तिने भोपळ्याला माझ्या जुन्या पायजम्याची झोळी करून कुंपणाला टांगलं होतं आणि सकाळी उठल्यावर ती आधी त्याची विचारपूस करायची, मग माझी. शेवटच्या दिवसापर्यंत तो वेलावरच वाढायला हवा होता. "घराचं काही झालं तरी चालेल," तिने मला बजावलं होतं, "भोपळ्याला धक्का लागता कामा नये."

सोमवारी मी ऑफिसातून आलो तेव्हा बायको आणि शिंपीकाकू कुंपणापाशी कुजबुजत होत्या. मला बघताच काकूंनी हवापाण्याचा विषय काढला. मंगळवारी फळ्या लागल्या आणि माझी खात्रीच पटली. फळ्यांची घासून रंगवलेली बाजू काकांनी आमच्याकडे केली होती आणि खिळ्यांची, आडव्या पट्ट्यांची बाजू स्वतःकडे. अहो, जन्मभर कपडे शिवलेल्या माणसाला उलटसुलट कळत नाही? हा आम्हाला गाफील ठेवण्याचा डाव होता. एकदा आम्ही रंगावर भाळलो, की खुंट्या रोज बोटभर सरकणार आणि एक दिवस भोपळा त्यांच्या हद्दीत.

आता तुम्ही म्हणाल, नियम काय सांगतात ते बघायचं. नियमांचं मला सांगू नका. आमच्या भागातल्या कुंपणांना परवाना देणाऱ्या ऑफिसात मी अठरा वर्षं कारकून आहे. प्रत्येक अर्जावर माझा शिक्का असतो. (नियम अर्जाच्या मागे छापलेले आहेत. शिक्का पुढे मारायचा असतो. त्यामुळे अर्ज उलटण्याचा कधी प्रसंग आला नाही.)

मी निनावी तक्रार लिहायचं ठरवलं. अक्षर ओळखू नये म्हणून डाव्या हाताने, आणि ऑफिसचा कागद नको म्हणून स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवलेला एक कागद ओढून. बुधवारी सगळे जेवायला गेल्यावर ती तक्रारपेटीत टाकली. पेटीची किल्ली माझ्याकडेच असते, म्हणून जेवण झाल्यावर मीच ती उघडली, गंभीर चेहऱ्याने पत्र रजिस्टरात चढवलं आणि मोजणीबाईंच्या टेबलावर ठेवलं.

मोजणीबाई आमच्याकडे नव्याने आल्या आहेत. त्या सगळं वाचतात. गुरुवारी सकाळी त्या मला म्हणाल्या, "तुमच्या शेजारचंच आहे. चला बरोबर."

काकांचं कुंपण मोजायला दहा मिनिटं लागली. हद्दीपासून फूटभर आत हवं, होतं. चांगली बाजू शेजाऱ्याकडे हवी, होती. मागच्या अंगणात उंची सहा फुटांच्या आत हवी, होती. काकांनी घडी न मोडलेला परवाना पुढे केला. त्यावर माझा शिक्का आणि माझी सही होती, तीन आठवड्यांपूर्वीची.

मग बाईंनी टेप फिरवली. "आणि हे दुसरं कुंपण कुणाचं?"

मी भोपळ्याकडे पाहत उभा राहिलो. उंची साडेसात फूट निघाली. फूटभर आत असणं सोडाच, ते चार बोटं काकांच्या जागेत शिरलं होतं. खिळ्यांची बाजू नऊ वर्षं काकांकडे होती आणि परवाना कधी काढलेलाच नव्हता. सात दिवसांत कुंपण उतरवायचं, असं बाईंनी सांगितलं.

बायको दारात उभी होती. तिने मनातल्या मनात दिवस मोजले आणि तिचा चेहरा पडला. प्रदर्शनाला दहा दिवस होते. खरं सांगतो, तेव्हा मला स्वतःची फार लाज वाटली.

"तक्रार केली कुणी?" तिने विचारलं.

"नाव नाही," बाई म्हणाल्या. "पण मागे काहीतरी आहे." त्यांनी कागद उलटला आणि शांतपणे वाचला. "साबण. सुतळी. ह्यांचा दुसरा जुना पायजमा शोधणे. आपलं कुंपण पार कुजलंय, पडलं तर भोपळा जाईल. शिंपीकाकांना त्यांचं कुंपण लवकर घालायला सांगणे. ह्यांना इतक्यात सांगू नये, संशय घेत बसतात."

काकांनी टेप गुंडाळायला घेतली.

बायकोने कागद हातात घेऊन पुढची बाजू पाहिली. "डाव्या हाताने लिहिलंय," ती म्हणाली. "उजव्यापेक्षा बरं अक्षर आहे."

शेजाऱ्याची लेखी संमती असेल तर त्याच्या कुंपणावर वेल चढवता येतो, असाही एक नियम निघाला. (मागच्या पानावर, सातवा.) काकांनी तिथल्या तिथे संमती लिहून दिली. संध्याकाळी काका, काकू आणि बायको यांनी वेल न दुखावता झोळीसकट भोपळा फूटभर पलीकडे, चांगल्या बाजूवर नेला. मला कुणी हात लावू दिला नाही. मी दुसऱ्या दिवसापासून माझं कुंपण उतरवायला घेतलं. तिसऱ्या दिवशी ते आपणहून पडलं.

भोपळ्याला पहिलं बक्षीस मिळालं. घरी आल्यावर बायकोने प्रशस्तिपत्र माझ्या हातात दिलं. मी आता सुधारलोय, म्हणून लगेच उलटून पाहिलं. मागे 'साहाय्य' असा रकाना होता आणि तो तिने भरला होता: कुंपण, शिंपीकाका. पाणी, शिंपीकाकू. नियमांची माहिती, मोजणीबाई.

चौथ्या ओळीवर माझा उल्लेख आहे असं दिसलं आणि माझा ऊर भरून आला. तिथे लिहिलं होतं: झोळी, ह्यांचा पायजमा.