सगुणा म्हशीचे अनामत मत

एका जंगलात, मुलांनो, वाघाला फारसे कोणी भीत नसे. वाघ कधीतरी यायचा आणि पोट भरले की निघून जायचा. भीती होती ती मतांची. मते बारा महिने येत आणि पोट भरले तरी जात नसत.

या जंगलात एक वाचनालय होते. हसू नका. तुमच्या गावात असते, तर त्यांच्या जंगलात का नसावे? एका जुन्या जांभळीच्या ढोलीत सागाच्या पानांची पुस्तके रचून ठेवलेली असत आणि ढोलीच्या तोंडाशी साळुंकीबाई बसत. त्या ग्रंथपाल होत्या. त्यांचा सगळा कारभार तोंडी चाले. एकदा ऐकलेले त्या विसरत नसत, आणि कोणी विचारले नाही तरी सांगत.

सुरुवातीला नेलेली पुस्तके परत येत नसत. गव्याने तर एक कवितासंग्रह खाऊन टाकला आणि वर "पचायला जड आहे" असा निरोप धाडला. तेव्हा साळुंकीबाईंनी अनामत घ्यायचे ठरवले. पण जनावराकडून अनामत घेणार काय? अंगावरच्या कातड्याखेरीज त्याच्याजवळ असते काय? विचार करता करता त्यांच्या ध्यानात आले, की एक वस्तू प्रत्येकाजवळ असते, भरपूर असते आणि जिवापलीकडे प्यारी असते. ती म्हणजे स्वतःचे मत.

झाले. नियम ठरला. पुस्तक नेताना त्याविषयीचे आपले मत साळुंकीबाईंजवळ ठेवायचे. पुस्तक परत केले की मत परत. मधल्या काळात त्या पुस्तकाबद्दल तोंडातून ब्र काढायचा नाही.

नियम रामबाण ठरला. सकाळी नेलेले पुस्तक दुपारी परत येऊ लागले. मताशिवाय चारचौघांत बसायचे तरी कसे? जो तो पुस्तक बगलेत मारून घरी जाई, जेवून घेई आणि धावतपळत आपले मत सोडवून आणी. पुस्तकांवर साधा पंजाचा डागही पडत नसे. साळुंकीबाई समाधानाने पंख फुलवून बसत.

तुम्ही म्हणाल, वाचायच्या आधी मत आणायचे कुठून? मुलांनो, तुम्ही अजून फार लहान आहात.

तर एका उन्हाळ्यात या वाचनालयात एक कादंबरी आली. लिहिली होती विसूनाना कासवाने. नाव होते 'नसलेल्या दाराची कडी'. आध्यात्मिक होती, तात्त्विक होती आणि दोन माकडांनी मिळून उचलावी एवढी होती. तिच्यात एक हरिण असते. त्याला तहान लागते. तुमच्याआमच्यासारखे हरिण पाण्याकडे जाईल. हे हरिण 'तहान नेमकी कोणाला लागली आहे?' याचा शोध घ्यायला निघते. वाटेत त्याला एक साधू भेटतो. साधू बोलतो, हरिण ऐकते. मग पुढचा साधू भेटतो.

सगळ्यांत आधी कादंबरी नेली अप्पासाहेब अस्वलाने. "मत?" साळुंकीबाईंनी विचारले. "थोर," अप्पासाहेब म्हणाले आणि डोलू लागले. अस्वल जन्मतःच डोलते. पण हातात अध्यात्म असल्यावर डोलणे वेगळे दिसते. बघणाऱ्यांना वाटले, अप्पासाहेबांची समाधी लागली.

त्यांच्यामागून रंगराव तरसाने नेली. "भंपक," रंगराव म्हणाले आणि खदाखदा हसले. तरसही जन्मतःच हसते. पण कादंबरीकडे बघून हसल्यामुळे ती समीक्षा ठरली.

आठवडा गेला नाही तोच जंगलाची दोन शकले झाली. एक थोरवाले, एक भंपकवाले. थोरवाले म्हणत, "ज्याला कळली नाही, त्याचा अधिकारच नाही." भंपकवाले म्हणत, "ज्याला कळली, त्याने सांगावे काय कळले." यावर थोरवाले डोळे मिटून घेत. सशाने सशीणीशी बोलणे टाकले. जंगलात पाणी प्यायला दोन घाट होते, एक वरचा नितळ आणि एक खालचा चिखलाचा. सभा भरवावी, डोकी मोजावीत, जो पक्ष हरेल त्याने जन्मभर खालच्या घाटावर पाणी प्यावे, असे ठरले.

सभेआधीच डोकी मोजून पाहिली तर दोन्हीकडे सारखी. उरली होती एकटी सगुणा.

सगुणा ही रानम्हैस. अंगाने दांडगी, स्वभावाने मऊ. तिची एकुलती एक पारडी मोठी होऊन नदीपलीकडच्या कळपात गेली होती आणि तेव्हापासून सगुणेला सोबत होती ती पिराजीची. पिराजी हा कोतवाल पक्षी. काळा कुळकुळीत, दुभंगलेल्या शेपटीचा आणि जिभेचा तिखट. तो दिवसभर तिच्या पाठीवर बसे, तिचे गोचिड वेची आणि जंगलभरच्या चहाड्या सांगे. सगुणा "हं" म्हणे. असा त्यांचा संसारासारखा शेजार होता.

पिराजी भंपकवाला होता. रंगरावांच्या शिळ्या शिकारीवर माश्या चिकार असत आणि त्या टिपता टिपता त्याचे मत बनले होते.

"सगुणे, तू पण ने ती कादंबरी," तो म्हणाला. "भंपक म्हण, संध्याकाळी परत कर, मोकळी हो."

सगुणा ढोलीपाशी गेली. पिराजी वाटेत एका टोळामागे उडाला, तेवढ्यात साळुंकीबाईंनी विचारले, "मत?"

सगुणेजवळ मत नव्हते. असे त्या जंगलात कोणाचे कधी झाले नव्हते. ती घाबरली. मागे रांगेत थोरवाल्या रानडुकरिणी उभ्या होत्या, त्या ढुशा देऊ लागल्या. विसूनाना आपल्या डबक्याजवळचा, म्हातारा जीव, त्याला वाईट कशाला वाटू द्या, असे मनात आणून ती म्हणाली, "थोर."

पिराजी परत आला तोवर शब्द ढोलीत गेला होता.

"थोर?" तो किंचाळला.

"अरे, संध्याकाळी परतच करायचंय," सगुणा म्हणाली.

पण संध्याकाळी तिने ते परत केले नाही. कारण घरी जाऊन ती पुस्तक उघडून बसली. तिला वाटले, पुस्तक नेतात ते वाचायलाच. समज नसली की अशा चुका होतात. म्हशीचे वाचणेही म्हशीसारखेच. एक पान वाचायचे, सावलीत बसायचे आणि त्याचा रवंथ करायचा. काही काही साधूंपाशी ती चक्क झोपली. एका साधूपाशी तर दोनदा झोपली. पण पुस्तक तिने सोडले नाही.

मग एके दुपारी कादंबरीत एक मिठाचा दगड आला. हरिण भटकत भटकत आपल्या जन्मगावच्या माळावर येते. तिथे त्याची म्हातारी आई मिठाचा दगड चाटत उभी असते. डोळे गेलेले असतात. ती त्याला ओळखत नाही. कोणी वाटसरू आला असे समजून ती बाजूला सरकते आणि दगडाची ओली बाजू त्याच्यासाठी मोकळी करते. बस, एवढेच. दुसऱ्या पानावर पुन्हा साधू.

सगुणेच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. तिला नदीपलीकडची पारडी आठवली. तिला फार रडू आले, आणि नियम मोडला तरी हे आत्ताच्या आत्ता पिराजीला सांगितले पाहिजे असे वाटले.

पण पिराजी पाठीवर नव्हता. थोरवालीच्या पाठीवर बसतोस, असे म्हणून रंगरावांच्या माणसांनी... म्हणजे जनावरांनी त्याला फैलावर घेतले होते. 'तिने शब्द फिरवला नाही, तर सभेनंतर तिचे तोंड पाहायचे नाही' असे त्याच्याकडून वदवून घेतले होते. तो समोरच्या पळसावर पाठ फिरवून बसला होता.

"पिराजी, ऐक ना. यात एक मिठाचा दगड आहे..."

"थोर की भंपक?"

"अरे, मध्ये मध्ये कंटाळा येतो. पण ती आई..."

"मी आईचं विचारलं नाही. थोर की भंपक?"

पिराजी उडून गेला. सगुणेच्या पाठीवर गोचिडांनी ठाण मांडले होते, तिथे शेपटी पोचत नव्हती. पण त्याहून खाज दुसरीच होती. सांगायचे आहे आणि ऐकायला कोणी नाही, ही खाज झाडाला अंग घासून जात नाही. आणि उद्या सभा होती. थोर म्हटले तर पिराजी कायमचा जाणार. भंपक म्हटले तर ती आंधळी आई डोळ्यांपुढून हलणार नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे जंगल जांभळीखाली लोटले. सगुणेने कादंबरी ढोलीपाशी ठेवली.

साळुंकीबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "पुस्तक पोचले. घ्या आपले मत. थोर."

थोरवाल्यांनी आरोळी ठोकली. अप्पासाहेब डोलू लागले.

"थांबा बाई," सगुणा म्हणाली. "हे माझं नाही."

"म्हणजे? तुम्हीच ठेवलं होतंत."

"ठेवलं होतं. पण आता ते बसत नाही मला."

आता भंपकवाल्यांनी आरोळी ठोकली. रंगराव हसून हसून लोळू लागले. पळसावर पिराजीने मान वर केली.

"बदलून मिळत नाही," साळुंकीबाई कडक आवाजात म्हणाल्या. "आजवर कोणी बदलून मागितलेलं नाही. प्रत्येकाला आपलं मत जसं ठेवलं तसंच्या तसं परत मिळालंय. विचारा कोणालाही."

"मग राहू दे तुमच्याकडेच," सगुणा म्हणाली. "मला आपलं एवढंच म्हणायचंय, की यातले साधू फार बोलतात. रातकिडे बरे. मला झोप लागली. पण एके ठिकाणी त्या हरणाची आई त्याला न ओळखताच मिठाच्या दगडाची ओली बाजू देते, तिथं माझा घास गिळवेना. आता याला काय म्हणतात, ते तुम्हीच सांगा."

थोरवाले एकमेकांकडे बघू लागले. आई? कुठली आई? भंपकवाले एकमेकांकडे बघू लागले. मिठाचा दगड?

अप्पासाहेबांचे डोलणे थांबले. ते जन्मात पहिल्यांदा थांबले असावे.

"हिने," ते हळू आवाजात म्हणाले, "वाचलीय."

"काय सांगता!" रंगराव म्हणाले. त्यांचे हसूही थांबले होते.

"पानं बघा. कोपरे दुमडलेत."

"म्हणजे आम्ही इतके दिवस तळमळून वाद घालत होतो, आणि ही गुपचूप घरी बसून वाचत होती?"

"विश्वासघात आहे हा, रंगराव."

"मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे, अप्पासाहेब."

सभेला गहिवर आला. सशाने सशीणीकडे बघितले, सशीणीने सशाकडे. केवढा मोठा अनर्थ टळला होता! आज एकीने वाचली, उद्या दुसरा वाचेल, मग कोणाचे मत शेवटपर्यंत टिकेल? अप्पासाहेबांनी रंगरावांना मिठी मारली. ठराव एकमताने मंजूर झाला. थोरवाले आणि भंपकवाले दोघांनीही वरच्या नितळ घाटावर गुण्यागोविंदाने पाणी प्यावे, आणि सगुणेने एकटीने खालच्या चिखलात.

सगुणेने मान खाली घातली. चिखल ही म्हशीला शिक्षा नव्हे, पण हे बोलून दाखवण्याइतकी ती बेसावध राहिली नव्हती.

खालच्या घाटावर चिखलात विसूनाना बसला होता. कादंबरीवरून जंगल पेटल्यापासून बिचारा तिथेच तोंड लपवून असे. सभा त्याला ऐकू आली होती.

"सगुणे," तो म्हणाला, "खरंच गिळवला नाही घास?"

"नाही हो, नाना."

विसूनानाने मान कवचात ओढून घेतली. बराच वेळ ती बाहेर आली नाही. आली तेव्हा डोळे ओले होते. "मलाही लिहिताना गिळवला नव्हता. पण तिथं तत्त्वज्ञान नाही, म्हणून ते पान काढणारच होतो. एवढे साधू घातले, ते त्या पानाची लाज वाटली म्हणून."

"साधू काढा की."

"अगं, पण मग पुस्तक बारीक होईल," नाना म्हणाला. शेवटी लेखकच तो.

इतक्यात सगुणेच्या पाठीवर ओळखीचे वजन पडले.

"मी फक्त गोचिडांसाठी आलोय," पिराजी म्हणाला. "वरती सगळे एकमेकांना मिठ्या मारतायत. चहाडी करायला काही उरलंच नाही तिथं."

"बरं."

त्याने दोन गोचिड वेचले. तिसरा वेचता वेचता थांबला.

"ती आई," तो म्हणाला, "मग तिला कळलं का, कोण आला होता ते?"

सगुणा चिखलात नीट बसली आणि पहिल्यापासून सांगू लागली. साधू आले की तिने ते गाळले. विसूनानाच्या ते ध्यानात आले, पण तो मान बाहेर काढून ऐकत राहिला.

तात्पर्य : भांडणाऱ्या दोन पक्षांत एकी घडवून आणायची असेल, तर कोणीतरी पुस्तक वाचावे लागते. मुलांनो, तुम्ही शहाणे आहात. ते कोणीतरी आपण होऊ नये.