नसेल तर पुढे चला

"बिल्डताई, रागावू नका, पण आज सकाळी मी माझ्या कोडमध्ये मुद्दाम एक चूक घातली," शेजारच्या टेबलावरचा, उठसूट शंका काढणारा शंकासुर म्हणाला. "धडधडीत चूक. तरी तुमच्या स्क्रीनवरचा दिवा हिरवाच!"

ताईंचा कप तोंडापाशीच थबकला. डझनभर प्रोजेक्टांच्या कोडची रोज जुळणी, म्हणजे बिल्ड, करून सगळ्यांचं एक गाठोडं ग्राहकाला पाठवायचं, हे त्यांचं काम. त्यासाठी एक मुख्य स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या आज्ञांची यादी, होती. ती प्रत्येक प्रोजेक्टच्या दारात जाऊन जुळणी, तपासणी अशी ठरलेली कामं करून घ्यायची. या कामांना टार्गेट म्हणत. एखाद्या प्रोजेक्टात ते टार्गेटच नसलं, की सगळं ठप्प आणि दिवा लाल. जुन्या हिशेबाच्या प्रोजेक्टात तपासणी कुणी लिहिलीच नव्हती. त्यामुळे दिवा कायम लाल, आणि साहेबही.

वैतागून ताईंनी महिन्यापूर्वी एक नियम टाकला. टार्गेट नसेल तर गुपचूप पुढे जायचं आणि शेवटी 'यशस्वी' म्हणायचं. त्याच झपाट्यात त्यांनी स्क्रिप्टची साफसफाईही केली. तेव्हापासून दिवा हिरवागार. जेवणाच्या सुट्टीपर्यंत रेंगाळणारं काम चहा निवायच्या आत उरकू लागलं. साहेब इतके खूश, की कंत्राटावरच्या ताई आता कायम झाल्या, असं त्यांनी भर मीटिंगमध्ये सांगून टाकलं. घरी सासूबाईंनी तर स्वतःच्या नणंदेलासुद्धा फोन करून सुनेचं कौतुक ऐकवलं.

ताईंनी स्क्रिप्ट उघडली आणि कपाळावर हात मारला. साफसफाई करताना 'सगळं करा' हे मुख्य टार्गेटच त्यांनी दुसऱ्या फाइलीत हलवलं होतं. रोज सकाळी स्क्रिप्ट ते स्वतःत शोधायची, सापडायचं नाही, मग नियमाप्रमाणे पुढे जायची आणि 'यशस्वी' म्हणायची.

"म्हणजे महिनाभर काहीच झालं नाही?" शंकासुराने विचारलं.

"काही म्हणजे काहीच नाही!"

"मग ग्राहकाला काय जात होतं?"

"रिकामं गाठोडं!"

शंकासुराने आधी आपली मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली.

ताई साहेबांच्या खोलीत गेल्या आणि एका दमात सगळं सांगून मोकळ्या झाल्या. साहेबांनी 'आँ?' केलं ते तोंड मिटायचंच विसरले. मग हात जोडल्यासारखा फोन धरून त्यांनी ग्राहकाच्या माणसाला गाठलं.

"रिकामं? कसं शक्य आहे?" तो हसला. "आमच्या संगणकावर रोज 'बसवणी यशस्वी' येतं. थांबा, बघतो."

कीबोर्डची खडखड ऐकू आली.

"साहेब," तो एकदम कुजबुजला, "आमच्या स्क्रिप्टातही तोच नियम आहे हो. गाठोड्यात काही नसेल तर पुढे जा. प्लीज, आमच्या मॅडमना सांगू नका. गेल्याच आठवड्यात त्यांनी माझा सत्कार केलाय."

साहेबांनी फोन ठेवला आणि कपाळ पुसलं. "ताई, तो नियम आधी उपटून टाका. जे नाही, ते नाही म्हणून ओरडलंच पाहिजे!"

"लगेच काढते, साहेब. पण माझं कायम होणं? ते राहील ना?"

साहेब खिडकीबाहेर बघू लागले.

"त्याचं काय आहे, मी वर विचारलं होतं. वरून काही उत्तरच आलं नाही. मग मी म्हटलं..."

"काय म्हटलं?"

"नसेल तर पुढे जाऊ."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. सासूबाई होत्या. "अगं, माझ्या नणंदबाई तुझं अभिनंदन करायला घरून निघाल्यात. म्हटलं, एकदा विचारून घ्यावं. सगळं पक्कं आहे ना?"

ताईंनी साहेबांकडे पाहिलं.

"नाही!" त्या इतक्या जोरात ओरडल्या, की बाहेर शंकासुर खुर्चीतून उठून उभा राहिला. "नाहीये, आई! काहीच पक्कं नाहीये!"

साहेब दचकले, आणि उत्तर मागायला मुकाट्याने वरच्या मजल्याचा नंबर फिरवू लागले.