वरच्या तारेची बस

आमचे शेजारी किसनकाका कुरुंद्याच्या बसथांब्यावर आले की रस्त्याकडे बघत नाहीत, वर आभाळाकडे बघतात. तिथे काहीच नसतं. काकांच्या मते मात्र तिथे दोन तारा असायला हव्यात.

काका निवृत्त वायरमन. बॅटरीच्या बस येणार अशी चर्चा हॉटेलात सुरू होती, तेव्हा मी त्यांना मोबाईलवर ट्रॉलीबस दाखवली. परदेशातली, टपावरच्या दोन दांड्यांनी वरच्या तारेतून वीज घेत धावणारी. चूक माझीच. तेव्हापासून काकांना दुसरा विषय नाही.

"ब्याटरीची बस म्हंजे पान्याची टाकी पाठीवर घेऊन फिरनारा मानूस. आर्धी ताकद टाकी उचलन्यातच गेली. रिकामी झाली की भरायला ताटकळत बसा, जुनी झाली की टाकीच बदला. तारेला हाय का काही तकलीफ? चालता चालता प्या."

"पन काका, लाईट गेली तर?" हॉटेलवाले गणपतराव मुद्दाम विचारतात.

काका बशी खाली ठेवतात. "लाईट गेली तर साऱ्यांची जाते. ब्याटरी एकल्याचीच संपते. बराबर का न्हाई?"

सगळे हसतात. मीही हसायचो.

काकू गेल्यापासून काका एकटेच असतात. मुलगा दिलीप पुण्याला. घरात तारेचा जुना फोन अजून आहे, काका तो रोज पुसतात. मी एकदा उचलून कानाला लावला, तर मुका. तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. दिलीपच होता. दोन वाक्यं झाली असतील.

"बाबा, ब्याटरी संपून राहिली, ठेवतो."

काका मला म्हणाले, "पोराची ब्याटरी लई कमजोर हाय. तारेच्या फोनवर घंटाभर बोलायचा." त्यांना ते खरं वाटत होतं की नाही, मला कळलं नाही.

आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. नांदेडला येऊन महिना झाला. परवा काकांचा फोन आला. नांदेडच्या रस्त्यावर तारा लावता येतील का, विचारत होते. मेसचं जेवण कसं आहे, विचारलं. पुन्हा तारांवर आले. दारात मित्र खोळंबले होते.

"काका, ब्याटरी संपून राहिली," मी म्हणालो.



"व्हय, व्हय. ठेव लेकरा. भरून घे आधी."

फोन ठेवला तेव्हा पडद्यावर बासष्ट टक्के दिसत होते.